तिसऱ्या दालनातली म्हातारी

हूरिया आंटीने आमच्या संग्रहालयात एकोणीस वर्षं नोकरी केली. नोकरी म्हणजे उभं राहणं. निळा स्वेटर, कमरेला किल्ल्या, पायात रबरी तळव्यांचे बूट, आणि तिसऱ्या दालनाचं दार. लोकांनी चित्रांना हात लावू नये, आइस्क्रीम घेऊन आत येऊ नये आणि मुलांनी पळू नये एवढंच बघायचं. चित्रांविषयी बोलायचं नाही, असं तिच्या नेमणुकीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. तो कागद तिने घरी नेऊन कुठे टाकला देव जाणे.

मी त्याच इमारतीत सुतार. चौकटी, खोकी, काचेच्या पेट्या आणि गळकं छप्पर हे सगळं माझ्याकडे. माझी बायको आंटीची भाची, म्हणून मीही आंटीच म्हणतो. माझे पणजोबा मेंढ्या घेऊन या किनाऱ्यावर उतरले ते स्कॉटलंडहून, पण पारेनुईच्या, म्हणजे बायकोच्या गावच्या, स्वयंपाकघरात तीस वर्षं भांडी घासल्यावर माणूस थोडाफार पारेनुईचा होतो. निदान लग्नात आणि मयतात तिथल्या बायका मला नाव घेऊन शिव्या देतात, पाहुणा म्हणून नाही.

आंटी आधी मटणाच्या कारखान्यात होती. मेंढीच्या तंगड्या कापडात गुंडाळायच्या, बावीस वर्षं. कारखाना बंद पडला तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. नवरा तामे दारू पिणारा, पुढे पक्षाघाताने खाटेवर पडलेला. दोन मुलं. थोरला इथेच, रस्त्यांच्या कामावर. धाकटा रेवी ऑस्ट्रेलियात. तो खाणीत चांगल्या कामावर आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. तो ब्रिस्बेनच्या तुरुंगात आहे हे पारेनुईत कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण एका सकाळी मी तिसऱ्या दालनात शिडीवर बल्ब बदलत होतो आणि ती चित्राशी बोलत होती. तिने मला पाहिलं नाही. मी दिवा तसाच अर्धा पिळलेला ठेवून श्वास धरून बसलो. नंतर आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

चित्र होतं १९१४ सालचं. एडविन कॅरो नावाचा एक चित्रकार तेव्हा या भागात फिरत होता. त्याने आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची चित्रं काढली आणि शहरात नेऊन विकली. या चित्रात एक म्हातारी आहे. मागे काळोख, हनुवटीवर गोंदण, अंगावर पिसांची शाल, केसात पांढऱ्या टोकाची दोन पिसं. मान जराशी पुढे. डोळे उघडे आहेत, पण समोर उभं राहिलं तरी तिची नजर आपल्या नजरेला भिडत नाही, बोटभर खालीच थांबते. खाली पितळी पट्टी: राहेरा, पारेनुई. आणि कॅरोने दिलेलं नाव: मावळतीचे विचार.

शेजारी एक कार्ड होतं. त्यात लिहिलं होतं की झुकलेली नजर म्हणजे अस्ताला चाललेल्या जमातीचं दुःख, मागचा काळोख म्हणजे विस्मृती, आणि शालीच्या खालच्या कोपऱ्यातली ठिपक्याठिपक्यांची फिकट पिसं म्हणजे विझत आलेलं वैभव. हे लिहिणारे गृहस्थ कधीच निवृत्त झाले, कार्ड मात्र नोकरीत राहिलं. मला या कार्डांचा राग आहे. मी चौकट करतो तेव्हा लाकडाला काय वाटतं ते लिहून ठेवत नाही.

राहेरा म्हणजे आंटीच्या बापाची आजी. नोकरीच्या पहिल्या दिवशी आंटीने ती पट्टी वाचली आणि तिथेच उभी राहून हेल काढून रडली. तेव्हाच्या व्यवस्थापकाने तिला पाणी दिलं आणि तब्येत बरी नसेल तर घरी जा म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून ती दार उघडल्याबरोबर म्हातारीपुढे जायची. ‘उठलीस का, आजी? थंडी आहे आज.’ मग घरचं काय ते सांगायची. संध्याकाळी निघताना दाराशी ठेवलेल्या बाटलीतलं पाणी हातावर घेऊन अंगावर शिंपडायची, मेलेल्यांच्या सहवासातून बाहेर पडताना शिंपडतात तसं. ती बाटली कुंडीतल्या झाडासाठी आहे असं ऑफिसातल्यांना पुष्कळ वर्षं वाटत होतं.

आणि पाहुण्यांना ती कार्ड वाचू द्यायची नाही.

“दुःखबिःख काही नाही,” ती म्हणायची. “चिडलीय ती. या कॅरोने तिला घरातून उठवलं, कुणाची तरी शाल अंगावर टाकली आणि हलू नको म्हणाला. बघा ना कोपऱ्यात, कोंबडीची पिसं आहेत. आमच्या घरात कोंबडी ताटात असते, शालीत नाही. तुम्ही असता तर त्याच्याकडे डोळे वर करून बघितलं असतं?”

लोक हसायचे. काहीजण नंतर ऑफिसात तक्रार करायचे, काहीजण पुढच्या वर्षी आपल्या बहिणीला घेऊन यायचे. ‘शालीकडे बघू नका, ती उसनी आहे. चेहरा बघा, तो आमचा आहे.’ हे वाक्य मी तिच्या तोंडून हजार वेळा ऐकलं असेल.

आता भिंतीविषयी सांगायला हवं. पारेनुईच्या सभाघराच्या आतल्या भिंतीवर गेलेल्यांच्या तसबिरी आहेत. फक्त गेलेल्यांच्या. जिवंत माणसाचा फोटो चुकून तिथे लागला तर त्या माणसाचे दिवस भरले म्हणून बायका ओरडतात. आणि परक्या घराण्याचा माणूस तिथे लावणं म्हणजे तर त्याहून वाईट, त्याच्या लोकांपासून त्याला चोरल्यासारखं. त्या भिंतीवर राहेराची मुलं आहेत, नातवंडं आहेत, राहेरा नाही. १९१८ च्या तापाच्या साथीत ती गेली आणि तिचं घर आतल्या सगळ्यासकट जाळून टाकलं. तिने कॅमेऱ्यापुढे कधी तोंड केलं नव्हतं. तेव्हा तिसऱ्या दालनातली म्हातारी हाच तिचा एकमेव चेहरा. तो घरच्या भिंतीवर गेलेला बघायचा, एवढं एकच आंटीला आयुष्याकडून हवं होतं. बाकी मागणं तिने कधीच सोडून दिलं होतं.

१९९४ साली वेलिंग्टनहून नवी क्युरेटर आली, फिलिपा लेथम. तिशीची, चष्मा, फार नम्र. पहिल्याच आठवड्यात तिने जुनं कार्ड काढून टाकलं, तेव्हा मला ती आवडली. मग तिने आंटीच्या हातात एक छापील कागद दिला. त्यावर चौकोन होते: भाव. देहबोली. वस्तू व त्यांचा अर्थ. पार्श्वभूमी.

“हे तुम्ही भरायचं,” फिलिपा म्हणाली. “म्हणजे तुमच्या घराण्याने. नवं कार्ड तुमच्या शब्दांत असेल. आणि मूळ चित्राएवढी मोठी हुबेहूब प्रत आम्ही तुमच्या सभाघरासाठी करून देऊ.”

आंटी त्या दिवशी जेवली नाही. माझ्या कामाच्या खोलीत येऊन खोक्यावर बसली आणि म्हणाली, “नेव्हिल, लाकूड चांगलं घे. तोतारा घे. मिळत नसेल तर चोर.”

अडचण एकच होती. भिंतीवर काहीही लावायचं तर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्याचा शब्द लागतो, आणि तो होता आंटीचा चुलता, तामाती. वय शहाऐंशी. सगळं गाव त्याला कोरो म्हणायचं, म्हणजे आजोबा. राहेरा वारली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. तिला डोळ्यांनी पाहिलेला तो शेवटचा माणूस. आणि त्याने संग्रहालयाची पायरी कधी चढायची नाही असं ठरवलेलं होतं. ‘आमच्या वस्तू बघायला मी तिकीट काढू?’ असं तो म्हणायचा. आता तिकीट नाही असं कोणी सांगितलं तर म्हणायचा, ‘मग तर मुळीच नाही. फुकट काय देतात ते मला ठाऊक आहे.’

आंटी तीन रविवार त्याच्याकडे गेली. डुकराची हाडं घालून केलेली भाजी नेली, तळलेले पाव नेले. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, “एवढं खाऊ घालतेस म्हणजे माझ्याकडून मोठं काहीतरी उपटायचंय. चल, बघू तुझी म्हातारी.”

सोमवारी आम्ही त्याला इमारत उघडायच्या आधी आणलं. मी, आंटी, फिलिपा आणि काठी टेकत कोरो. त्याने दारात उभं राहून प्रार्थना म्हटली. मग चित्रापुढे गेला. मोतीबिंदू काढल्यापासून त्याला लांबचं स्वच्छ दिसायचं. तो बराच वेळ बघत राहिला. फिलिपा कागद छातीशी धरून उभी होती. आंटी किल्ल्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्या मुठीत धरून होती.

आणि कोरो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. पुढे होऊन त्याने काठीचं टोक शालीच्या खालच्या कोपऱ्याकडे नेलं. एरवी आंटीने त्याबद्दल कोणाचाही हात पिरगळला असता.

“इथे मी मुतलो होतो,” तो आमच्या बोलीत म्हणाला. “पाच-सहा वर्षांचा असेन. आजीच्या शालीत झोपलो आणि कोपरा भिजवला. पिसं कुजली. आजीने मला बडवलं, ती पिसं उपटली आणि कोपऱ्यात ठिपक्यांच्या कोंबडीची घातली. म्हणाली, आता जन्मभर लोक बघतील तू काय केलंस ते. हे बघ, अजून बघतायत.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आंटीही हसत होती, रडत होती. एकोणीस वर्षं तिने ज्या शालीला नावं ठेवली ती पणजीच्या हातची निघाली होती. विझत आलेलं वैभव ते हेच.

मग कोरोने काठी खाली टेकली आणि वर चेहऱ्याकडे पाहिलं. हसू थांबलं.

“शाल आजीची,” तो म्हणाला. “पण ही बाई कोण?”

त्याने काठीचं टोक चित्रातल्या हनुवटीकडे नेलं.

“हे गोंदण आमच्याकडचं नाही. हनुवटीवर अशी दुहेरी वळणं नदीपलीकडे घालायचे. वाइमोकोची आहे ही कुणीतरी. आजीचं तोंड रुंद होतं, माझ्यासारखं. ही आजी नाही, हूरिया.”

फिलिपाला आमची बोली शब्दागणिक कळत नव्हती. तिने आशेने विचारलं, “काय म्हणाले?”

आंटीने आधी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं समजलंय हे तिला ठाऊक होतं. मग ती फिलिपाला म्हणाली, “म्हणतात, शाल त्यांच्या आजीची आहे. खूण ओळखली त्यांनी.”

“किती छान,” फिलिपा म्हणाली आणि लिहायला लागली. कोरोला इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं. तो गप्प राहिला.

परतताना गाडीत तो पुढे बसला होता, आंटी मागे. पूल ओलांडून झाला.

“अर्धंच सांगितलंस,” कोरो म्हणाला.

“अर्धं म्हणजे खोटं नव्हे.”

“मला बघायला बोलावलंस, मी बघितलं. सांगायचं काम तुझं. फक्त एक ध्यानात ठेव. त्या भिंतीवर पुढचा नंबर माझा आहे. तिला तिथे लावलीस तर मला तिच्या शेजारी टांगाल. मेल्यावर रोज उठून वाइमोकोच्या बाईला मला सांगावं लागेल, की बाई, तुम्ही इथे कशा आलात ते मला विचारू नका, माझ्या पुतणीला विचारा.”

मला हसू आलं, पण आरशात आंटीचा चेहरा दिसला तेव्हा गेलं.

वाइमोको आणि पारेनुई यांच्यात नदी आहे, आणि नदीत ईल मासे पकडायचा एक जुना बांध. तो कोणाचा यावरून तीन पिढ्या धड बोलणं नाही. पारेनुईत म्हणतात, वाइमोकोची माणसं पाहुण्याला चहा विचारतात आणि उत्तर यायच्या आत किटली लपवतात. ते आमच्याबद्दल काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

महिन्याने प्रत आली. मी तोताराची चौकट केली. माप नीट घ्यावं म्हणून मूळ चित्र भिंतीवरून उतरवून टेबलावर पालथं घातलं. मागे तपकिरी कागदी पट्ट्या होत्या. त्या बारा वर्षांपूर्वी मीच चिकटवल्या होत्या. एक सुटत आली होती, ती काढली. खाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं, पुसट पण वाचता येईल असं: शाल राहेरा, पारेनुई, यांची. परत करणे.

परत केली की नाही ते आता कळायला मार्ग नाही. पुढे कोणीतरी घाईत त्यातलं नाव तेवढं उचललं आणि पितळेवर कोरलं. आणि मी बारा वर्षांपूर्वी न वाचता त्यावर पट्टी लावली. कार्ड लिहिणाऱ्यांना मी नावं ठेवतो, त्यातला एक मीही.

आंटीला बोलावून दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

“पट्टी परत लाव,” ती म्हणाली.

“आंटी...”

“तुला लाव म्हटलं ना.”

मी लावली. मी काही सत्याचा पुतळा नाही, आणि ती माझ्या बायकोची मावशी आहे. शिवाय मला वाटत होतं, कोणाचं काय बिघडतंय? वाइमोकोवाल्यांना पत्ताही नाही. एका बाईची एकच इच्छा आहे, ती पुरी होऊ द्या. हे मी आजही पूर्ण चूक मानत नाही.

पण त्यानंतर आंटी दालनात वेगळी वागायला लागली. सकाळी दार उघडायची आणि चित्राकडे पाठ करून उभी राहायची. नमस्कार नाही, बोलणं नाही. पाण्याची बाटली मात्र भरून ठेवायची. कोणी म्हातारीबद्दल विचारलं तर म्हणायची, “वाचा कार्ड.” कार्ड तर काढलेलं होतं. लोक कोऱ्या भिंतीकडे बघून पुढे जायचे. घरीही तिचं कशात लक्ष नव्हतं. तामेला भरवताना चमचा हातात धरून बसून राहायची, असं माझी बायको सांगत होती.

सभाघरात प्रत लावायचा दिवस ठरला होता, नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. जमिनीतल्या खड्ड्यात शिजवायला चार मेंढ्या सांगून झाल्या होत्या. त्याच्या नऊ दिवस आधी, गुरुवारी, आंटी माझ्याकडे आली. अंगावर काळा कोट, डोक्याला रुमाल.

“व्हॅन काढ. वाइमोकोला जायचंय.”

“कशाला?”

“ती माझ्याशी बोलेना झालीय.”

“आंटी, बोलत तर तू नाहीयेस.”

“तेच ते,” ती म्हणाली. “माझी नसलेली बाई मी घरात नेऊन ठेवणार, आणि तिची नातवंडं नदीपलीकडे तिच्यावाचून. आपली म्हातारी अशी कुणी नेली असती तर? मी त्यांचा बांध जाळला असता.”

प्रत चौकटीसकट व्हॅनमध्ये घातली. वाइमोकोला कोणी बोलावलेलं नव्हतं. फाटकाशी उभं राहिलं की आतल्या बायकांनी हाक घालून बोलवावं लागतं, त्याशिवाय आत जायचं नाही. आम्ही पाऊण तास उभे. शेवटी जेवणघरातून एक म्हातारी रताळ्यांची टोपली कमरेवर घेऊन बाहेर आली. ती नॅन वाइकुरा, तिकडची सर्वांत मोठी, ऐंशीची. तिने आम्हाला नीट निरखलं, टोपली खाली ठेवली, एप्रनला हात पुसले आणि एकटीनेच हाक घातली. ऐंशीच्या बाईचा तो आवाज ऐकून रस्त्यापलीकडची मेंढरं पांगली.

आंटीने आत बसून सगळं सांगितलं. शाल, गोंदण, पेन्सिल, पट्टी. महिनाभर गप्प बसले हेही सांगितलं. मी प्रत भिंतीला टेकवून वरचं कापड काढलं. नॅन वाइकुरा बसल्या जागेवरून पुढे झुकली. मग तिने विचारलं, “खरी कुठे आहे?”

“माझ्या दालनात.”

“मंगळवारी येऊ,” ती म्हणाली. प्रत आम्ही तिथेच ठेवून आलो. चहा तिने विचारला नाही, आणि आम्हालाही अपेक्षा नव्हती.

पारेनुईत आंटीचं जे झालं ते व्हायचंच होतं. मेंढ्या रद्द केल्या. तिची चुलतबहीण चारचौघांत म्हणाली, “एकोणीस वर्षं सरकारी पगार घेऊन वाइमोकोची आजी सांभाळलीस की गं.” दुसरी म्हणाली, “आता ईलचा बांधही देऊन टाक, हातासरशी.” आंटी नेहमी एकाला दोन देणारी, पण या वेळी भांडी पुसत राहिली. कोरोने तेवढं तिला जवळ बोलावून तिच्या नाकाला नाक लावलं, आपल्या माणसाला लावतात तसं. फिलिपाला सांगितलं तेव्हा तिने तो चौकोनांचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला.

मंगळवारी वाइमोकोची बत्तीस माणसं आली. पुढे नॅन वाइकुरा, काळ्या कपड्यांत, डोक्यावर पानांची वेणी. दालनाच्या दारापासूनच बायकांनी हेल काढला. नॅन चित्रापाशी गेली आणि तिने म्हातारीच्या गालाजवळ हात नेला, न लावता. “आजी,” ती म्हणाली. “पारेहुईआ. माझी आजी.” मग तासभर जे रडणं झालं ते मी वर्णन करणार नाही. ते माझ्यासाठी नव्हतं. आंटी निळा स्वेटर घालून दाराशी उभी होती, नोकरीवर असल्यासारखी. ती नोकरीवरच होती. डोळे पुसायला तिने रुमालही काढला नाही. एकोणीस वर्षं जिच्याजवळ ती सगळ्यांत पुढे उभी असायची तिच्यापासून ती आता दालनभर लांब होती, आणि मला ते बघवत नव्हतं.

नंतर कर्मचाऱ्यांच्या खोलीत चहा ठेवला. मी कप लावत होतो. बाकीचे मागच्या अंगणात गेले. नॅन वाइकुरा खुर्चीत बसली होती. आंटी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मला माफी मागायचीय,” आंटी म्हणाली.

“मागून झाली की गुरुवारी.”

“ती चित्राची. ही वेगळी.” तिने किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. “मी आपली समजून रोज बोलायचे तिच्याशी. घरातलं, कोणाला न सांगितलेलं. एकोणीस वर्षांचं सगळं तुमच्या आजीच्या कानात ओतलं मी. आमची धुणी तुमच्या घरात पडली आहेत.”

नॅन वाइकुराने कप खाली ठेवला. “कानात?” ती म्हणाली. “ती ठार बहिरी होती.”

“बहिरी?” आंटी म्हणाली.

“गोवर आला लहानपणी, तेव्हापासून. तिची नजर बघितली नाहीस? एवढी वर्षं समोर उभी राहून?”

“खाली बघते.”

“खाली कुठे? तुझ्या तोंडाकडे बघते. बोलणाऱ्याच्या ओठांवरून सगळं ओळखायची. आम्हाला लहानपणी तिच्यापुढे खोटं बोलायची सोय नव्हती. तो चित्रकार तोंडात ब्रश धरून बडबडत असणार, आणि ही बिचारी तो काय म्हणतो ते शोधत असणार.”

त्या नजरेत दुःख नाही, राग नाही. समोरचा काय सांगतोय ते समजून घ्यायचं चाललं होतं. मी चमचे मोजल्यासारखं केलं. आंटी समोरच्या खुर्चीवर बसली.

“म्हणजे तिला कळलं सगळं,” ती म्हणाली.

“कळलं असेल. पण पारेनुईच्या लोकांची बोली कच्ची असते, तेव्हा निम्मंच.” नॅनने किटली जवळ ओढली आणि आंटीच्या कपात चहा ओतला. मग विचारलं, “असं काय सांगत होतीस?”

आंटीने माझ्याकडे पाहिलं नाही. “माझा धाकटा,” ती म्हणाली. “खाणीत नाही तो. तुरुंगात आहे.”

हे तिने जिवंत माणसाला पहिल्यांदा सांगितलं.

“अजून किती वर्षं?”

“चार.”

नॅन वाइकुराने खुर्ची पुढे सरकवली, इतकी की दोघींचे गुडघे एकमेकींना लागले. “पहिल्यापासून सांग,” ती म्हणाली, आणि आंटीच्या तोंडाकडे बघत राहिली. मी कप तिथेच ठेवून दार ओढून घेतलं आणि अंगणात बाकीच्यांना बिस्किटं द्यायला गेलो.